दुहेरी लगामाची घाई

घोड्याला दुहेरी लगाम कधी घालायचा, हे मला आता कुणी विचारत नाही. पूर्वी जळकोटात चहाच्या टपरीवर टेकलो की हाच विषय निघायचा. पलटणीत मी जन्मभर घोडे तयार केले, पेन्शन घेऊन गावी आलो आणि यात्रेतून एक कुमैत घोडी आणली. तांबूस अंग, काळी आयाळ, हायवेवरचे ट्रकवालेही गाडी हळू करून बघायचे. लोकांना वाटलं, वरातीत नाचवायला आणली. "फौजी, घोडी हलगीवर पाय कधी टाकणार?" "तुझ्या वरातीत," असं म्हणून मी मोकळा व्हायचो. विचारणारा नातवंडं खेळवणारा असायचा.

मला तिला नाचवायचं नव्हतं, शिकवायचं होतं. पलटणीत मी घोडे घडवले ते साहेबांसाठी. घोडा हातावर आला की साहेब त्याच्यावर बसून स्पर्धेत उतरायचे, आणि मी पुढच्या अडाणी शिंगराकडे वळायचो. ही घोडी मात्र माझी होती. तिला शेवटपर्यंत मीच नेणार आणि दुहेरी लगाम घालून मीच बसणार, एवढी एकच हौस उरली होती.

दुहेरी लगाम म्हणजे तोंडात दोन लोखंडं. एक साधं, रोजचं. दुसऱ्याला बाजूला लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी. दोन्ही लोखंडांना हातात धरायच्या दोन-दोन वाद्या; या दुसऱ्याची वादी जराशी ओढली तरी जबडा आवळला जातो. म्हणून त्याची घाई करायची नसते. घोडं साध्या लोखंडावर, हलक्या हातात, मागच्या पायांवर वजन घेऊन आपलं आपण सावरून चालायला लागलं पाहिजे. मान मऊ, ओठांना फेस, कुठं ओढाताण नाही. थोडक्यात, ज्या दिवशी दुहेरी लगामाची गरज वाटेनाशी होते, त्या दिवशी तो घालायचा. हे सांगितलं की टपरीवरचे हसायचे. "मंग घालायचा तरी कशापायी?" असल्या लोकांपुढं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी चहा संपवून उठायचो.

त्या पावसाळ्यानंतर घोडी या टप्प्याच्या अगदी जवळ आली होती. अजून एक हिवाळा, मग झालंच, असं मी धरून चाललो होतो. लगाम आधीच आणून, तेल लावून खुंटीला टांगला होता.

खंडेनवमीला थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, विळे, खुरपी, ट्रॅक्टरची चावी पाटावर मांडली आणि खुंटीवरचा लगामही काढून शेजारी ठेवला. हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. मलाही बरं वाटलं. त्याच दुपारी बायकोला सणकून ताप भरला. तिला घेऊन उमरग्याच्या दवाखान्यात गेलो, सलाइन लागलं आणि आमचा दसरा तिकडंच गेला.

आमच्याकडं पुजलेली वस्तू दसऱ्याला कामाला लावतात. विळ्यानं ज्वारीची चार ताटं तरी कापायची, ट्रॅक्टर शिवेपर्यंत फिरवून आणायचा. नुसती ठेवली तर ती वर्षभर रुसते म्हणतात. दादांनी हे जन्मभर पाळलेलं. लगाम पुजला, मग तो चढवून घोडी शिलंगणाला नेलीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

पण दादांचा हात बैलांचा. चारी वाद्या त्यांनी कासऱ्यासारख्या एका मुठीत गोळा केल्या. साखळी पिळलेली होती, ती तशीच अडकवली. तिला हातानं धरून पायी निघाले. वेशीबाहेर हलगी कडाडली आणि घोडी बुजून दोन पायांवर झाली. बैल आवरायला कासरा ओढतात, तसं दादांनी ओढलं. दुखलं म्हणून ती आणखी वर गेली, आणि दादा वाद्यांना लोंबकळले.

मी परतलो तेव्हा ती गोठ्यात मान खाली घालून उभी होती आणि तिची लाळ तांबडी होती. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं. दात नसलेल्या जागी, जिथं लोखंड टेकतं, तिथलं हाड चिरलं होतं. "जखम भरंल," ते म्हणाले, "पण आत गाठ ऱ्हाणार. लोखंड आता कायमचं इसरा."

"दादा, हे काय केलं तुमी?" मी म्हणालो.

दादा गव्हाणीपाशी बसले होते. टोपी काढून हातात धरलेली. "तुझ्याचसाठी केलं रं म्या. पुजलेलं तसंच टांगून ठिवायचं व्हय?"

दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याची गचांडी धरली असती. वडलांच्या जागी असलेल्या भावाचं काय करायचं? आतल्या आत जळत राहिलो.

लोक म्हणतात, बिनलोखंडाचं बसा. बसता येतं, ते मला कुणी शिकवायला नको. पण मला जे करायचं होतं ते त्यानं होत नाही, आणि दुसरं शिंगरू पहिल्यापासून घडवायला ना गुडघे उरले ना वय. उजाडलं तरी बाजेवर पडून राहतो. उठून करायचं काय?

दादा रोज कोंडा भिजवून मऊ करतात आणि तळहातावर धरून तिला चारतात. ती खाते, वर हातही चाटते. मी रिकाम्या हातानं गेलो तरी मान वर फेकून भिंतीला चिकटते. रोज लोखंड घेऊन येणारा मीच होतो ना! तिच्या लेखी ते दुखणं मीच दिलं. काल दादा सुखावून म्हणाले, "बघ, माझ्यावर जरा बी राग न्हाय तिचा."

"व्हय दादा," मी म्हणालो आणि बाहेर येऊन उभा राहिलो. मी आत असलो की ती घास घेत नाही.