आडात उतरलेले आप्पा

उन्हाळ्यात आम्ही पोरं तंबाखूच्या वखारीच्या कट्ट्यावर झोपायचो, आणि दिवस उगवला की आप्पा छत्रीच्या टोकानं एकेकाचं पांघरूण ओढत यायचे. आधी मराठीत समजावणं, मग राग चढला की कानडी. "एळो! एळो! सूर्य उठला, तुमी कवा उठनार?" एळो म्हणजे ऊठ, एवढं कानडी आमच्या सदलग्याकडच्या गावांत बैलांनाही कळायचं. बैल उठायचे. आम्ही कूस बदलायचो.

त्यांचं नाव तवनाप्पा. जैन शेतकरी, साठी उलटलेली, अंगानं सडसडीत आणि आवाज मात्र रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. त्यांना एकच दुःख होतं: आताच्या पोरांत दम नाही. हे सांगायला त्यांना माणूस ओळखीचा लागत नसे. एकदा निपाणीच्या बाजारात त्यांनी हे दुःख एका गुजराती व्यापाऱ्यापुढं इतक्या कळवळ्यानं मांडलं, की तो घासाघीसच समजला आणि त्यानं आपण होऊन तंबाखूचा भाव वाढवून दिला. आप्पा भाव घेऊन आले, पण दुःख तसंच होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मी बेळगावात कॅम्पातल्या शाळेतून मॅट्रिक होऊन परत आलो होतो आणि नोकरी आपल्याला शोधत येईल म्हणून बसलो होतो. माझ्या शेजारी बाळगोंडा. अंगानं बैल, पण त्याच्या वडिलांनी त्याला काम सांगणं सोडून दिलं होतं, कारण सांगण्यात त्यांचाच दम जायचा. कुणी काहीही म्हणालं की आमचं उत्तर ठरलेलं: "बघू की."

"तुमच्या वयाचा हुतो, तवा मी चिकोडीस्नं बेळगावला चालत गेलतो," आप्पा सांगायचे.

"गाडी चुकलती व्हय, आप्पा?" बाळगोंडा पडल्यापडल्या विचारायचा.

त्या उन्हाळ्यात गल्लीचा आड गाळानं भरला. पाणी हिरवं झालं, मग वास मारू लागलं, मग तळाशी चिखलपाणी तेवढं उरलं. बायका नदीवरून घागरी आणू लागल्या. त्यांत आप्पांच्या पत्नी आक्का, गुडघे धरून चालणाऱ्या. पावसाच्या आत गाळ निघाला नसता तर आणखी वर्षभर हेच होतं. आप्पा महिनाभर कट्ट्यावर येऊन सांगत होते. आम्ही बघू की म्हणत होतो.

एका दुपारी आप्पाच आडात उतरले. कडेच्या खोबणींत पाय ठेवत ते उतरले खरे, पण त्या वयात परत चढणं शक्य नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं. तळातून आवाज आला, "गाळ निघाल्याबिगर मी वर येत न्हाय!" आडामुळं तो आवाज दुप्पट झाला होता. मग भाषण सुरू झालं. आप्पा वर असताना जे आम्ही झोपेत ऐकायचो, ते आता सगळ्या गल्लीला जागेपणी ऐकावं लागलं.

आक्का कमरेवर हात ठेवून आल्या आणि आत वाकल्या. "वर येतासा का न्हाय?"

"आदी गाळ, मग मी!"

"मग ऱ्हावा तितंच. दिवस बुडल्यावर पान्याचा थेंब घेत न्हाईसा, ठावं हाय न्हवं? सकाळपतूर बेडकास्नी गेन्यान सांगा."

आप्पा जैन; दिवस मावळल्यावर अन्नपाणी घेत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. ऊन कलत चाललं होतं. तरी आम्ही आडाभोवती जमलो ते काळजीनं नव्हे, फुकटचा खेळ होता म्हणून.

खालून हाक आली, "वढा रं!" बाळगोंडानं कुतूहलानं रहाटाचा दोर ओढला. जड लोखंडी बुट्टी, पाटीच ती, वर आली. तीत गाळ नव्हता. पाणी आणि बेडकं होती.

"ह्ये काय, आप्पा?"

"जीव हाईत. आदी त्येंस्नी. डबक्यात सोड सावकाश."

बेडकं झाली, मग खेकडे झाले. मग गाळ आला, पण आप्पा बुट्टी शिगोशीग भरत आणि दोर एका बाजूला बांधत. अर्ध्यावर ती कलंडायची आणि सगळा गाळ त्यांच्याच पटक्यावर. तिसऱ्या खेपेला बाळगोंडा हसून हसून खाली बसला. "असं बांधत्यात व्हय, आप्पा? अवो, असं बांधत्यात व्हय?"

खालून हळू आवाज आला.

"मग कसं बांदायचं रं?"

बाळगोंडाचं हसू थांबलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आप्पा इचारत्यात," तो कुजबुजला. आम्हाला काय करायचं ते सगळं गाव सांगायचं. आम्हाला कुणी काही विचारल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

"थांबा. हलू नगासा," तो म्हणाला आणि धोतर खोचून उतरला. उतरल्यावर त्याचा पहिला हुकूम: "तुमी वर चला. मधी मधी येऊ नगासा." त्यानं दोराचा झोका करून आप्पांना बसवलं, आणि आम्ही वरून ओढलं. माझ्या तळहातांची सालटी निघाली. आप्पा वर आले तेव्हा त्यांचे फक्त डोळे पांढरे होते. दिवस अजून थोडा होता. आक्कांनी त्यांचे हात धुतले आणि भाकरी पुढं केली. जेवताना आप्पा मौन पाळत, त्यामुळं आमचं काम बरंच पुढं सरकलं. चौथ्या दिवशी तळाशी झरा दिसला.

त्यानंतर आप्पांनी भाषणं सोडली आणि त्याहून वाईट हत्यार उचललं. कुणाही पोरापुढं उभं राहायचं आणि म्हणायचं, "मला जमंना बघ." जू बांधायला जमंना, छप्पर शाकारायला जमंना. नदीपलीकडचा बगळा ओळखणारा माणूस माझ्यापुढं वर्तमानपत्र धरून म्हणायचा, "दिसंना रं, वाच की." मी कट्ट्यावर मोठ्यानं वाचू लागलो, चार माणसं ऐकायला बसली, त्यातली दोघं, अक्षरं शिकवा म्हणाली. आपण शाळा चालवतो आहोत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आप्पांना खरोखर काय जमत नाही आणि काय जमतं, याचा पत्ता त्यांनी कधी लागू दिला नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी थंडीत ते अंथरुणाला खिळले. आक्कांनी आम्हाला बोलावलं. आप्पा म्हणाले, "उटाय जमंना रं."

"झालं सुरू!" बाळगोंडा हसला आणि पाठीखाली हात घातला. पाठीची नुसती हाडं हाताला लागली. तरी तो नेहमीच्याच दरडावणीच्या सुरात म्हणाला, "असं उटत्यात व्हय? सरका." त्यांच्या मागं बसून त्यानं त्यांना छातीशी टेकवून घेतलं. आक्कांनी दोन घोट पाणी पाजलं. बाहेर ऊन उतरत होतं.

बाळगोंडा पाठ ताठ ठेवून तसाच बसून राहिला. आप्पा केव्हा गेले ते त्याला सगळ्यांच्या आधी कळलं असणार. पण आक्कांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत तो हलला नाही.