तो तोंड फिरवायचा

निवृत्तीनंतर माझ्या हाताखाली एकच विद्यार्थी उरला, आमचा कुत्रा. रोडपालीच्या रस्त्यावर सापडलेलं तांबडं पिल्लू वर्षभरात चांगलं दांडगं झालं होतं. पस्तीस वर्षं शाळेत काढलेली, शिकवल्याशिवाय मला चैन पडेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्याबाबतीत खरं आहे. भांडलेल्या मुलांना मी समोरासमोर उभं करायचे, एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावायचे आणि हात मिळवायला सांगायचे. तेच मी कुत्र्यावर चालवलं.

शेजाऱ्यांकडे एक म्हातारा पांढरा कुत्रा आहे. सकाळी सोसायटीच्या गेटपाशी दोघांची गाठ पडली की मी आमच्याला पट्ट्याने पुढे ओढायचे आणि म्हणायचे, "नमस्कार कर." तो तोंड फिरवायचा, जांभई द्यायचा, उगाच नाक चाटायचा. गाढवापुढे वाचली गीता, असं म्हणून मी आणखी ओढायचे. मग त्याची शेपूट ताठ उभी राहायची आणि टोकाशी भराभरा हलायची. बघा किती खूश आहे, असं मी शेजाऱ्यांना मोठ्या कौतुकाने सांगायचे.

एका सकाळी त्याने म्हाताऱ्याचा कान फाडला. दोन टाके पडले. शेजारी ओरडले नाहीत, नुसते बोलेनासे झाले, आणि ते मला जास्त लागलं. घरी ह्यांनी निकालच दिला की रविवारी कुत्र्याला आपटा गावी धाकट्या दिरांकडे सोडून यायचं. मी दोन दिवस धड जेवले नाही.

शनिवारी गेटबाहेर कोळीण मावशी नेहमीच्या जागी बसली होती. उरणहून मासे घेऊन येते. तिच्या टोपलीभोवती पाच-सहा भटके कुत्रे असतात, पण मारामारी कधी पाहिली नाही. मी तिच्यापाशी कुत्र्याची तक्रार केली. एवढं शिकवलं तरी जात्याच मारकुटा निघाला, म्हटलं. सुरमईचे तुकडे करता करता ती वर न बघता म्हणाली,

"मास्तरीनबाय, तो कवापासना नाय म्हनतो हाय. तोंड फिरवतो, जांभई देतो. तुमी ऐकत नाय, मंग त्यानं दात लावला."

ताठ शेपूट ही खुशीची नव्हे, असंही तिने सांगितलं, आणि तिच्या कुत्र्यांकडे बघायला लावलं. मी अर्धा तास बघत उभी राहिले. त्यांतला एकही दुसऱ्याच्या अंगावर सरळ चालून जात नव्हता. वळसा घालून यायचे, जमीन हुंगायचे, नजर बाजूला ठेवायचे. गीता आमचा कुत्रा वाचत होता, गाढव मी होते. मला तिथेच रडू आलं.

संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागितली. मावशीने सांगितलेलं सगळं सांगितलं आणि एकदा बरोबर फिरायला चला, अशी विनंती केली. ते नाखुशीने तयार झाले. रविवारी सकाळी रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेने निघालो. मी पट्टा सैल सोडला होता. आमच्याने एकदा पलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी फिरवू दिलं. म्हातारा जमीन हुंगत राहिला. कुणी कुणाला नमस्कार केला नाही. शेवटच्या वळणावर शेजाऱ्यांनी उद्या किती वाजता, एवढंच विचारलं. परत आले तेव्हा हे गाडीची किल्ली घेऊन खालीच उभे होते. लांबून सगळं बघितलं असावं, कारण त्यांनी ती खिशात टाकली.

आता दोघं हातभर अंतराने चालतात. आमच्याने जांभई दिली की मी वाट बदलते.

पण अलीकडे दुसरीतली एक मुलगी फार आठवते. हात मिळव म्हटलं की ती तोंड फिरवायची. मी तिची हनुवटी धरून तोंड समोर वळवायचे, आणि ती शेवटी हात पुढे करायची. तिला काय सांगायचं होतं, हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नाही.