साडेसतरा गुणांचा प्रोसेसर

माझं लग्न साडेसतरा गुणांवर अडलं होतं. अठराला पास, आणि मी अर्ध्या गुणानं नापास. तेही अशा मशीनच्या हातून, जे भंगारवाल्यानं फुकटही नेलं नसतं.

मशीन त्याच्या काकांचं. 'त्याच्या' म्हणजे आता जो माझा नवरा आहे त्याच्या. तेव्हा तो चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात स्टोअरला होता आणि दर सोमवारी पासवर्ड विसरायचा. कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडं. एका माणसाचा पासवर्ड सात महिने न चुकता सोमवारीच हरवतो म्हटल्यावर मीच एकदा म्हटलं, "काय ते एकदाचं बोलून टाक ना." बोलला बिचारा. मला तो आवडत होताच. नसता तर तिसऱ्याच सोमवारी मी त्याचं खातं बंद केलं असतं.

त्याला काकांनी वाढवलेलं. काका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. घराण्यात पिढ्यान् पिढ्या भिक्षुकी, म्हणून हे पत्रिका करायचे, पण कॉम्प्युटरवर. बीड बायपासच्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये तो जुनापुराणा डेस्कटॉप होता. प्रोसेसरला एकच कोअर, म्हणजे एकच डोकं. वर भरतकामाचं कव्हर, पुढून दर दसऱ्याच्या हळदीकुंकवाचे थर, एका बाजूचा पत्रा काढलेला आणि तिथं टेबलफॅन लावलेला. दुपारी एक ते चार काका झोपायचे, तेव्हा तेही झोपायचं. गणित तसं किरकोळ, पण मशीन जागं व्हायलाच पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ काका त्याच्यासमोर हात बांधून बसायचे. "या प्रोसेसरनं एवढी लग्नं जुळवली," म्हणायचे, "एक मोडलेलं नाय."

त्याच वर्षी आमच्या कारखान्यात नवा सर्व्हर आला. प्रोसेसरात सोळा कोअर, आणि त्याचे लाड अधिकातल्या जावयासारखे. वर्ष दुष्काळाचं. जायकवाडी तळाला गेलेलं. बायपासला रोज नवी बिल्डिंग उभी राहायची आणि नळ एकीलाही नाही, सगळी माणसं टँकरच्या हॉर्नवर जगत होती. बाहेर बेचाळीस डिग्री आणि सर्व्हरच्या खोलीत अठरा. भर मे महिन्यात मी स्वेटर घेऊन कामावर जायचे. रिक्षावाला आरशातून बघून विचारायचा, "मॅडम, तबियत ठीक है ना?"

काकांचा निकाल ऐकून बाबा फोनवर कडाडले. बाबा लासूर स्टेशनला आडत दुकानात मुनीम. "एका डोक्याचं मशीन! त्याचं काय ऐकायचं? तुझ्या हापिसात सोळा डोक्यांचं हाय ना? त्याच्यावर टाक. गुण वाढतील."

"बाबा, बेरीज कुठंही केली तरी तेवढीच येते. नवं मशीन लवकर सांगतं, जास्त सांगत नाही."

"तू टाक तर."

टाकलं. जेवणाच्या सुट्टीत, काकांचंच सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर चोरून आणून. माझी जन्मतारीख, वेळ, गाव भरलं, मग त्याचं भरलं. बटण दाबलं तर बोट उचलायच्या आत उत्तर: बावीस.

मी चाट पडले. माझं शिक्षण म्हणत होतं, हे शक्यच नाही, काहीतरी चुकलंय, शोध. माझं मन म्हणत होतं, गप बस आणि प्रिंट काढ. मी प्रिंट काढली.

रविवारी काकांच्या फ्लॅटवर बैठक बसली. लासूरहून बाबा आणि आई आले. बाबांचा आग्रह होता की मी सर्व्हर रिक्षात घालून आणावा. ते जमणार नाही म्हटल्यावर त्याची माहिती छापलेला कागद तरी आण म्हणाले, तो मी बावीसच्या प्रिंटसोबत आणला होता.

"मशीन हजर नाय?" काकांनी विचारलं.

"नाही काका, ते हलवता येत नाही."

"मग नुसत्या कागदावर विश्वास ठेवायचा? हे मुलगी न बघता होकार देण्यातलं झालं." असं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि तो कागद स्थळाच्या बायोडाट्यासारखा वाचायला घेतला. "कोअर सोळा. एका घरात सोळा कर्ते! एकमत व्हायचं कसं?"

"एकट्याला चूक दाखवणार कोण?" बाबा म्हणाले. "सोळा असले की एकमेकाला धरून राहतात."

"वय?"

"सहा महिने," मी म्हटलं.

"म्हणजे दात यायचेत अजून."

"तुमच्याचे पडलेत," बाबा म्हणाले.

काका चिडले. त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर दोन रकाने पाडले आणि चक्क दोन प्रोसेसरांचं गुणमेलन मांडलं. जुन्याचा स्वभाव तापट, नव्याचा थंड. जुन्याला फॅन पुरतो, नव्याला एसी लागतो. नवा किती वाजता तयार झाला? बाबांनी ठोकून दिलं, "पहाटे. ब्राह्ममुहूर्तावर." काका बोटांची पेरं मोजत राहिले. एकोणीस जुळले. म्हणजे त्या दोघांचं लग्न होऊ शकत होतं, आमचंच काय ते अडलं होतं.

मला हसू येत होतं, रागही येत होता, आणि खरं सांगायचं तर रडू कोसळायच्या बेतात होतं. तो समोर कीबोर्डकडं बघत बसला होता. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, दुसऱ्या कुणाशी नाही, आणि हे दोन म्हातारे दोन डब्यांवरून भांडत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोनदा तिनं तोंड उघडलं, "अहो, मी काय म्हणते..." दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? चहाचं बघ."

तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. काका कागद टाकून उठले, बाबा उठले, तो उठला. ज्याच्या हाती जे लागलं ते घेऊन तिघं जिन्यानं पळाले. खालून ड्रायव्हरचा आवाज आला, "ओ चचा, पाइप पकडो! जल्दी करो, और दस बिल्डिंगां बाकी हैं!"

खोलीत आई आणि मी उरलो. आईनं टेबलावरच्या दोन्ही पत्रिका उचलून शेजारी शेजारी धरल्या. "हे आकडे येगळे का गं?"

"ते गुण आहेत आई. त्याच्यावरूनच तर चाललंय."

"गुण नाय. हे वरचे."

मी बघितलं आणि कपाळावर हात मारला. काकांच्या कागदावर माझी जन्मवेळ चार पन्नास होती. माझ्या प्रिंटवर सव्वापाच. माझं एवढं शिक्षण, आणि चूक सापडली ती आईला. प्रोसेसर दोन्ही खरेच होते. जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं.

तिघं गुडघ्यापर्यंत भिजून वर आले तेव्हा मी दोन्ही कागद बाबांपुढं ठेवले. "वेळा दोन कशा?"

बाबा जरा वरमले. झालं होतं असं की मी जन्मले ती संध्याकाळच्या पॅसेंजरच्या वेळेला. काकांना द्यायच्या कागदावर बाबांनी टाइमटेबलातली वेळ लिहिली, कारण ती सरकारी. मला मात्र दर वाढदिवसाला ते सांगत आले होते की गाडी त्या दिवशी पंचवीस मिनिटं लेट होती, आणि पोरगी तिच्या शिट्टीबरोबरच आली. मी सर्व्हरवर तीच वेळ घातली होती.

काकांनी त्या वर्षीचं जुनं पंचांग उघडलं. "नक्षत्र बदलतंय पाच वाजून दोन मिनिटांनी. म्हणजे गाडी किती लेट होती त्यावर सगळं आलं. नक्की पंचवीस?"

"आता नक्की कसं सांगू? ती वेळेवर कधी होती?" बाबा म्हणाले. मग एकदम ताठ बसले. "रेल्वेला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू."

"मी लिहितो," काका म्हणाले. "माझं अक्षर चांगलं हाय."

आणि खरंच लिहायला बसले की! सत्तावीस वर्षांपूर्वीची एक पॅसेंजर लासूर स्टेशनला किती वाजता आली, याचा अर्ज. सकाळपासून भांडणारे दोघं पहिल्यांदा एका बाजूला आले होते.

तेव्हा तो बोलला. दिवसभरात पहिल्यांदाच. "काका, आईंना विचारा ना. त्या होत्या तिथं."

सगळ्यांनी माना वळवून आईकडं बघितलं. आईनं पदराला हात पुसले. त्याच्याकडं बघितलं, मग काकांना विचारलं, "पाच दोनच्या आधी किती म्हणालात?"

"साडेसतरा."

"न नंतर?"

"बावीस."

"सव्वापाच," आई म्हणाली. "घड्याळ समोरच होतं माझ्या."

आमच्या लासूरच्या घरात तेव्हा घड्याळ नव्हतं. बाबांना ते माहीत होतं. त्यांनी काकांपुढचा अर्ज उचलून त्याची घडी घातली. काकांनी वळून डेस्कटॉप चालू केला. पाऊण तास आम्ही पाचजण त्या टेबलफॅनच्या घरघरीत चहा पीत बसलो. बावीस आले. "बघा," काका म्हणाले, "आमचं मशीन बरोबरच होतं. वेळ चुकीची घातली होती." महिन्याभरात लग्न झालं. कार्यालयवाल्यानं टँकर आपापला आणा म्हणून सांगितलं होतं, तो आणला.

माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तिच्या मनगटाला पट्टी बांधली, त्यावर मिनिटासकट वेळ लिहिलेली. आई उशाशी बसली होती. मी सहज म्हटलं, "आई, मी खरं किती वाजता झाले गं?"

"तीन-साडेतीन असतील," ती म्हणाली. "गाडीबिडी काय नव्हती. तवाबी दुष्काळच होता. घरात थेंब नव्हता, तुला पुसायलाबी. तुझा बाप घागर घेऊन स्टेशनच्या नळाला रांगेत गेलेला. तो पळत आला न तिकडं गाडीनं शिट्टी मारली. दारातूनच म्हणाला, झालं का? मी म्हटलं, आत्ताच."

"खोटं का सांगितलंस?"

"दोन तास एकटी पडले होते हे सांगून काय करायचं होतं? लई पळत आला होता गं."

मी मनात हिशोब मांडला. "म्हणजे आमचे साडेसतराच की!"

"व्हय." तिनं बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "माझे न तुझ्या बापाचे बत्तीस जुळले होते. पण 'हिला विचारा' असं माझ्याबद्दल जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. तुझ्या नवऱ्यानं म्हटलं. मग मी म्हटलं, सव्वापाच."