पितळी पातेल्याची कल्हई

"नळ्या बदलल्यात. नवऱ्याचं रक्त बायकोच्या नावावर गेलंय. पुन्हा लाव," साहेब म्हणाले.

पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा लावलं. निकाल तोच.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका लॅबमध्ये केमिस्ट होते. आमच्या मशीनचं नाव लांबलचक, आम्ही नुसतं 'एए' म्हणायचो. शिशाच्या खास दिव्याचा उजेड तापवलेल्या नमुन्यातून सोडायचा. नमुन्यात शिसं जितकं जास्त, तितका उजेड जास्त अडतो. कणभर शिसंही सुटत नाही.

बाबूराव कुपवाडला गाड्यांच्या रेडिएटरला डाख द्यायचे. डाख म्हणजे जोड बुजवायला वितळवून लावतात तो धातू. त्यात शिसं असतं. त्यांच्या बायकोच्या, हौसाबाईंच्या, पोटात कळा यायच्या. अंगात रक्त नव्हतं. डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. शिशात हात बाबूरावांचे, आणि रक्तात शिसं जास्त हौसाबाईंच्या!

मी घरातलं खाणं मागवलं. पीठ, हळद, पाणी, सगळं स्वच्छ. आमटीत मात्र भरपूर शिसं. डाळ आणि चिंच वेगवेगळी लावली, तर तीही स्वच्छ.

हौसाबाईंना बोलावलं. बाबूराव बाहेर लुना लावत होते.

"आमटी कशात करता?"

"आईच्या पितळी पातेल्यात. ह्यास्नी आंबट सोसत न्हाई, मी एकटीच खाते."

"कल्हई कुणी केली?"

"ह्यांनीच! कल्हईवाला येईना, पातेलं माळ्यावर पडलेलं. मला करमंना. एक दिवस बघते तर चकाचक!"

कल्हईला कथील लागतं. बाबूरावांनी वर्कशॉपमधला डाख लावला होता, आणि चिंचेच्या आंबटानं त्यातलं शिसं आमटीत उतरत होतं. मी ते हौसाबाईंना सांगितलं.

"ताई, त्यास्नी सांगू नगासा. मनाला लावून घेत्याल."

"उद्या आणखी कुणाचं भांडं करून देतील."

"मग मीच सांगते."

बाबूराव आत आले.

"आवं, कल्हई लय झ्याक केलीसा. पर डाखात शिसं असतंय म्हणं. त्येनंच पोट दुखतंय."

ते मटकन खुर्चीत बसले. "मीच घातलं व्हय तुज्या पोटात?"

"तुमाला काय ठावं हुतं?" म्हणत त्यांनी सगळ्यांदेखत नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. साहेब उगाच खिडकीबाहेर बघू लागले.

पातेलं बंद झालं, औषधं सुरू झाली. शिसं हळूहळू उतरत गेलं, कळा थांबल्या. दर तपासणीला बाबूराव कामावर खाडा करून सोबत यायचे.

भांड्याला कथीलच लावा. माया कितीही असली तरी डाख तो डाखच.