थिरीच्या चित्रावर अण्णांचं बोट

रोगानं निम्मी मेंढरं गेली, त्या वर्षी आई दुसऱ्यांच्या कापसात राबली आणि अण्णांनी लेकीला, म्हणजे मला, अजिंठ्याहून एसटीत बसवलं. चित्रकला शिकायला. निघताना माझ्या पत्र्याच्या पेटीवर त्यांनी गेरूनं आमच्या कळपाची खूण ओढली: दोन पट्टे, मधे ठिपका. "चुकलेलं मेंढरू खुणेनंच घरी येतं," म्हणाले. शहरातल्या पुंडलिकनगरच्या खोलीवर पोचल्यावर मी आधी ती पुसली. लाज वाटली, लपवत नाही.

खोलीत जोडीला थिरी होती, ब्रह्मदेशातल्या मंडालेची. लेण्यांतली रेषा शिकायला आलेली. ती इथं आली आणि मागं लष्करानं सत्ता घेतली, तिच्या भावाला उचललं. बाजारातून घरी निघालेल्या बायका रंगवायची ती, सगळ्या पाठमोऱ्या. चेहरा ओळखू आला तर तिकडं कुणाच्या दारात गाडी उभी राहील, ही धास्ती. सहीही करत नसे. मी टोकलं की म्हणायची, "तुम्हारे अजिंठा में किसने साइन किया?" तिच्या आईचा फोन दोन महिने लागत नव्हता.

तिचं एक चित्र प्रदर्शनाला जायचं होतं. आदल्या दिवशी अण्णा भाकरी-ठेचा घेऊन आले. मी चहा टाकेपर्यंत त्यांनी भिंतीला टेकवलेलं ते चित्र माझंच समजून लाल रंगात बोट बुडवलं आणि कोपऱ्यात खूण ओढली.

"अण्णा, काय केलं तुमी! तिचं हाय ते!"

ते वरमले. थिरीला म्हणाले, "लई चुकलं, पोरी. पण बिनखुणेचं धाडता कसं? हरवलं तर वळखायचं कुणी?"

मी मराठीचं हिंदी करून सांगितलं. आता ही रडणार, वाटलं. पण तिनं कुंचला उचलला. लहानपणी तिची आई चंदनासारखं खोड उगाळून तिच्या गालावर पान काढायची. तेच पान तिनं पट्ट्यांशेजारी काढलं. "माँ पहचानेगी."

प्रदर्शनाचे फोटो इंटरनेटवर गेले. नऊ दिवस आम्ही फोन ताटाशेजारी ठेवून जेवलो. वाजला की दोघी उष्ट्या हातानंच झडप घालायचो. दहाव्या दुपारी अनोळखी नंबरावरून एक फोटो आला: सुरकुतलेला गाल, त्यावर पान. शब्द एकही नाही.

थिरीला अजून परत जाता आलेलं नाही. भावाचा पत्ता नाही. तिच्या चित्रांवर मात्र आता पान असतं.

मेंढरांच्या तळावर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, आपली खूण ओळखणारं माणूस जिथं आहे, ते घर, एवढंच मला कळलंय. पेटीवर मी गेरू पुन्हा लावलाय. आमच्या घराण्यातली पहिली पदवी त्याच पेटीत आहे. माझी.