पूजा झालेलं पिंप

तलासरीला हायवेवरच्या ज्या गॅरेजमध्ये मी गाडीचं ऑइल बदलून घेतो, तिथे गेल्या वर्षी जळकं ऑइल साठवायला एक निळं पिंप आलं. उद्घाटनाला आलेल्या सरकारी साहेबांनी पिंपाला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पर्यावरणावर भाषण केलं. तेवढा वेळ त्यांची गाडी एसीसाठी चालूच होती. टाळ्या मीही वाजवल्या.

महिन्याभराने गेलो, तर पिंप कोरडं आणि ऑइल नेहमीसारखं मागच्या चरात. मेकॅनिकला विचारलं तर तोच दुखावला. "पूजा झाली ना शेठ त्याची! त्यात घाण कशी ओतायची?"

चराच्या उताराला एका बाईची विहीर आहे. तेवढ्यात तीच विहिरीच्या पाण्याची कळशी दाखवायला घेऊन आली. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग होता. "प्यायचं पाणी आता हायवे ओलांडून आणते," ती म्हणाली. "तो नारळ माझ्या विहिरीवर फोडला असता, तर बरं झालं असतं."

ती गेल्यावर मेकॅनिकने माझ्या गाडीखालचं भरलेलं घमेलं उचललं, पिंपाकडे एकदा पाहिलं आणि तो चराकडे गेला. मी त्याला थांबवलं नाही. मला उशीर होत होता.