साडूंची गाडी आणि चाचांचे गुडघे

भिवंडीत वाहनं अगणित असतील, पण आमच्या साडूंइतकं एका जागी न थांबणारं वाहन दुसरं नाही. जेवताना ते दोनदा उठून गॅलरीत जाऊन येतात. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून कोनच्या नाक्यापर्यंत फिरून आलेले मी स्वतः पाहिलेत. नारपोलीतले कापड विणायचे लूम विकल्यापासून तर घरातल्या फरशाही त्यांना कंटाळल्या. शेजारच्या कारखान्यातल्या चाचांशी त्यांच्या तीस वर्षं रोज गप्पा, त्याही लूमच्या खडखडाटात, ओरडून. मग चाचांनीही लूम विकले, त्यांचे गुडघे गेले, रिक्षात वाकून बसणं जमेना आणि ते घराबाहेर पडेनासे झाले. "माणूस घरात कुजतोय, साडूभाऊ. त्याला फिरवायला गाडी पायजे," असं म्हणून साडू मला महिनाभर दापोड्याच्या, जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे खेचत होते.

तिथं दोन गाड्यांनी त्यांना झुलवत ठेवलं. एक आठ माणसांची व्हॅन. दार सरकवलं की लोखंडी कपाट कोसळल्यासारखा आवाज. दुसरी काळीभोर, बुटकी, विलायती. तिच्या वेगाबद्दल विकणारासुद्धा देवघरात बोलावं तसं हळू बोलायचा. साडू तिच्या प्रेमात पडले. "ही गाडी न्हाय, चित्ता हाय."

"अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये चित्ता काय करणार?"

"उभा ऱ्हाईल. पन चित्त्यासारखा."

ते आत बसले, बटण दाबलं. लूमवर जन्म काढलेल्या कानांना ते मऊ इंजिन ऐकू येईना. सुरूच झाली नाही असं समजून पुन्हा दाबलं, म्हणजे चालू गाडी बंद केली. असं चार वेळा. शेवटी खाली उतरून, लूमवर ठेवायचे तसा बॉनेटवर तळहात ठेवला आणि जाहीर केलं, "धडधड हाय. जिवंत हाय."

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या उंच टेम्पोत पुढं बसवून चाचांना आणलं. काळ्या गाडीत चाचा पाण्यात बुडी मारावी तसे अलगद गेले. वर मात्र येईनात. आम्ही दोघं ओढतोय, विकणारा पलीकडून ढकलतोय. "अरे, काढतोस का इथंच माती देतोस?" चाचा आतून म्हणाले. बाहेर आल्यावर घाम पुसत हसले. "झकास हाय. तू घेच. मी खिडकीतून बघेन तुला जाताना."

साडूंनी काळ्या टपावरून एकदा हात फिरवला आणि व्हॅनचं पुढचं दार उघडलं. चाचांनी दांडी धरली, थोडा वेळ घेतला आणि चढले.

व्हॅन घेऊन आता दीड वर्ष झालं. रोज दुपारी आठ जागांच्या गाडीत दोघंच, खाडीपर्यंत जाऊन येतात. परवा मी विचारलं, "कशी चालतेय गाडी?"

"चढतात," साडू म्हणाले. "अजून सोताच चढतात."

दाराखाली त्यांनी वेल्डिंग करून एक पायरी लावून घेतली होती. ह्या महिन्यात तिच्याखाली दुसरी लावलीय.